बीमखालचा मिस्त्री

आमच्या कॉलेजची इमारत सुरक्षित असल्याचं सरकारी प्रमाणपत्र प्राचार्यांच्या केबिनमध्ये फ्रेम करून टांगलेलं होतं. त्यावर तीन सह्या आणि दोन शिक्के होते, आणि ते कुणीही वाचलेलं नव्हतं. पालक यायचे, केबिनवरून सरळ पुढे जायचे, जिना चढायचे आणि चार नंबरच्या हॉलमध्ये मान वर करून उभे राहायचे. तिथे छताच्या बीमला एक चीर होती, आणि त्या चिरेवर आडवी, वीतभर लांब काचेची पट्टी सिमेंटने चिकटवलेली होती. ती शाबूत दिसली की पालक समाधानाने खाली उतरायचे.

पट्टी करीम मिस्त्रीने लावली होती. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा दोन महिने झाले होते आणि लातूर शहर अजून अंगणात झोपत होतं. करीमचं घराणं निजामाच्या वेळेपासून गवंडीकाम करणारं. त्याने पट्टीवर खिळ्याने तारीख कोरली आणि जमलेल्या पालकांना सांगितलं, "चीर पडली म्हणून इमारत पडत न्हाई. चीर चालली तर पडती. चालून राहिली का बसून हाय, ते काच सांगती. बीम हलला का काच तुटली. काचेला वशिला चालत न्हाई."

या शेवटच्या वाक्याने सगळं ठरलं. भूकंपानंतर ज्याला वशिला चालत नाही अशी एकच वस्तू लोकांच्या पाहण्यात आली होती.

त्या वर्षी लातुरात दोन गोष्टींना भाव आला, एक पत्र्याला आणि दुसरा क्लासला. भूकंपात स्लॅबने आणि दगडी माळवदाने जे केलं ते पाहून क्लासवाल्यांनी पत्र्याचे शेड ठोकले, आणि भोकर, उमरी, किनवट, देगलूरहून पोरं येऊन त्या शेडखाली भाजून निघायला लागली. पालक खूश होते. पण बारावीची परीक्षा पत्र्याखाली होत नाही. तिला केंद्र लागतं, केंद्राला कॉलेज लागतं आणि आमच्या कॉलेजला स्लॅब होता.

म्हणून एक रिवाज पडला. प्रत्येक पेपरच्या दिवशी पावणेअकरा वाजता पालकांचे दोन प्रतिनिधी वर येणार, काच बघणार, गॅलरीतून हात हलवणार. मग गेटवरचे लोक पोरांना आत सोडणार. बाकीच्या खोल्यांत चीर नव्हती, त्यामुळे काच नव्हती, त्यामुळे त्या खोल्यांबद्दल सांगणारं कुणीच नव्हतं. साऱ्या इमारतीचा दाखला म्हणजे ती एक पट्टी. हा नियम मंडळाच्या पुस्तकात नव्हता, पण पुस्तकातल्या कुठल्याही नियमापेक्षा काटेकोरपणे पाळला जायचा. इंग्रजी आणि रसायनशास्त्र असेच पार पडले.

भौतिकशास्त्राच्या दिवशी चार नंबरला पर्यवेक्षक मी होतो. दहाला पाच कमी असताना हॉल उघडला तर पट्टी तुटलेली होती. अर्धी बीमला होती. उरलेली अर्धी खालच्या बाकावर पडली होती, झेंडूच्या हारासकट.

हाराचं आश्चर्य नव्हतं. फेब्रुवारीपासून कुणीतरी पट्टीखाली उदबत्ती लावत होतं. उमरीच्या गौरम्मा नावाच्या एका आईने तर बाकावर चढून काचेला कुंकू लावलं होतं, आणि शिपायाने ते पुसायला नकार दिला होता. कालच्या संध्याकाळी कुणीतरी हार अडकवला असणार.

करीम मुलीला सोडायला आला होता, त्याला गेटवरूनच आत घेतलं. त्याची सुमय्या याच हॉलमध्ये होती, दुसऱ्या ओळीत तिसऱ्या बाकावर. तो बराच वेळ वर बघत राहिला.

"हाराच्या ओझ्यानं तुटली का करीमभाई?" मी विचारलं.

"हारानं तुटली का बीम हलला म्हणून तुटली, ते काचच सांगणार हुती साहेब. आता तिला कोन इचारणार?"

प्राचार्य रेणुकादास हे रसायनशास्त्राचे, स्वभावाने सज्जन, आणि घाम पुसायला दोन रुमाल बाळगणारे. त्यांनी आधी मंडळाला फोन केला. तिकडून विचारलं, प्रमाणपत्र आहे ना? आहे. मग इमारत सुरक्षित आहे, अकरा वाजता परीक्षा सुरू करा. मग त्यांनी नांदेडला फोन लावला. तपासणी समितीचे इंजिनिअर तिथे राहत होते.

"अहो, तुमच्याच पत्रात आहे की," इंजिनिअर म्हणाले. ते इतक्या मोठ्याने बोलत होते की मला दारात ऐकू येत होतं. "'बीम स्थानिक तज्ज्ञांच्या निरीक्षणाखाली असून धोका नाही.' त्यावर सही केली मी. तज्ज्ञांना विचारा."

रेणुकादासांनी फोन ठेवला आणि तज्ज्ञांकडे बघितलं. तज्ज्ञ चपला केबिनच्या बाहेर काढून उभे होते.

"करीमभाई, मी तुमच्यावर विसंबून ते पत्र लिहिलं."

"मी इंजिनिअर साहेबावर हुतो," करीम म्हणाला. "त्यायनी खालून वर बघितलं, 'काच शाबूत?' इचारलं, मान हलवली. मी म्हनलं, शिकलेलं मानूस हाय, त्याला नजरेनं कळत आसंल."

"आणि साहेब माझ्या पत्रावर," रेणुकादास म्हणाले.

तिघं तीन ठिकाणी सुरक्षित होते. तीन महिने विश्वास असा गोल फिरत होता, आणि त्याच्याखाली बसून शहाण्णव पोरांनी दोन पेपर दिले होते.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते. गेटवरचा आवाज वाढत चालला होता. रेणुकादासांनी पहिला रुमाल खिशात घातला आणि दुसरा काढला.

"करीमभाई, पिशवीत दुसरी पट्टी असेल?"

"हाय."

"मग… अर्ध्या तासात लागेल?"

"लागंल. तारीख कोन्ती टाकू?"

रेणुकादास खिडकीबाहेर बघत म्हणाले, "जुनीच."

करीमने पिशवी उचलली. आम्ही वर गेलो. त्याने बीमखाली टेबल ओढलं, त्यावर स्टूल ठेवलं, वर चढला आणि पिशवीतून छन्नी आणि हातोडी काढली. मला वाटलं, जुन्या काचेचं सिमेंट खरवडतोय. त्याने छन्नी चिरेत घातली आणि हातोडीचा पूर्ण घाव मारला.

"अहो!" रेणुकादास ओरडले. "अहो, काय करताय!"

गिलाव्याचा परातीएवढा खपला बाकावर आपटला. दुसरा घाव. तिसरा. पांढऱ्या धुळीत करीम दिसेनासा झाला. मग ठोकण्याचा आवाज बदलला. आता तो फुटण्याचा नव्हता, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा होता. करीम थांबला. त्याने तळहाताने धूळ पुसली, बोटाने काँक्रीट चाचपलं, कान लावून हातोडीने हळूच ठोकलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. टेबल सरकवत मी त्याच्या मागे फिरत होतो. इमारतीची भूकंपानंतरची ही पहिली तपासणी. तिला पंचवीस मिनिटं लागली.

खाली उतरला तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"चीर गिलाव्यातच हाय. आतला बीम कोरा हाय साहेब. खडी न् खडी घट्ट."

रेणुकादास बाकावर बसले. "म्हणजे ही काच…"

"गिलाव्यावर पहारा देत हुती. चूक माझी. काच लावायच्या आधी गिलावा सोलायचा आस्तो, हे माझ्या बापानं शिकवलं हुतं. त्या दिवशी मागं पन्नास मानसं उभी हुती, लवकर लाव म्हणून. लावली."

आनंदाची बातमी होती. ती पचवायला आम्हाला पाच मिनिटंही मिळाली नाहीत, कारण पावणेअकरा वाजले आणि प्रतिनिधी जिना चढून आले. एक गौरम्मा आणि दुसरे चंद्रप्पा. चंद्रप्पांचं देगलूरला कापडाचं दुकान होतं. मुलाच्या बारावीसाठी ते दुकान भावाकडे सोपवून दोन महिने लातुरात खोली घेऊन राहिले होते. मुलगा याच हॉलमध्ये होता.

चंद्रप्पांनी वर बघितलं, मग खालचा ढिगारा बघितला.

"काच कुठाय?"

करीमने सगळं सांगितलं. हार, छन्नी, गिलावा, बीम. काही लपवलं नाही.

"म्हंजे तीन महिने आमी गिलाव्याच्या पाया पडलो?"

"हाव."

"आन आता म्हनताव, बीम चांगला हाय."

"लई चांगला हाय."

"काच हुती तवाबी तुमी चांगलाच म्हनत हुताव की, मिस्त्री."

खोटी काच होती तोवर करीमवर गावाचा विश्वास होता. खरं काँक्रीट उघडं पडलं आणि तो संपला. गौरम्माने बाकावरचा हार उचलून पदरात घेतला आणि अपराध्यासारखी भिंतीला टेकून उभी राहिली. रेणुकादास धावत खाली जाऊन फ्रेम घेऊन आले.

"हे बघा, सरकारी प्रमाणपत्र."

चंद्रप्पांनी ते वाचलं. बहुधा ते वाचणारे पहिलेच. "हे 'स्थानिक तज्ज्ञ' म्हंजे कोन?"

रेणुकादासांनी करीमकडे बोट केलं. चंद्रप्पांनी फ्रेम परत दिली.

अकराला दहा कमी. खाली साडेचारशे पोरं आणि त्यांचे आईबाप. चंद्रप्पांनी गॅलरीत जाऊन हात हलवला नाही तर पोरं आत येणार नाहीत, आणि आली नाहीत तर गैरहजर, वर्ष गेलं. हे चंद्रप्पांनाही माहीत होतं. त्यांचंही वर्ष त्यातच होतं.

"एक करा," ते म्हणाले. "मिस्त्री, तुमी सोता बसा ह्या बीमखाली. तीन तास. तुमी बसलाव म्हंजे पोरं बसतील. मी सांगतो गेटवर."

"माझी पोरगी बसतीच की हितं."

"पोरगी पेपर लिवायला बसती. तुमी जामीन बसा."

परीक्षेच्या हॉलमध्ये बाहेरचा माणूस बसवणं म्हणजे गुन्हा, आणि परीक्षार्थीचा बाप बसवणं म्हणजे त्याहून मोठा. रेणुकादासांनी घड्याळाकडे बघितलं, मग हजेरीच्या कागदावर करीमचं नाव 'पाणीवाटप' म्हणून लिहिलं आणि शिपायाला एक माठ आणायला सांगितला.

चंद्रप्पांनी गॅलरीतून हात हलवला.

पोरं आली, वर बघितलं, करीमकडे बघितलं, बसली. सुमय्या आली ती बापाजवळ थांबली नाही. बाकाकडे जाता जाता एवढंच म्हणाली, "अब्बा, माझ्याकडं बघू नका. कुनी म्हणंल, खुणा करून राहिले."

करीमने स्टूल फिरवलं आणि मुलीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसला. अकरा वाजता घंटा झाली.

सव्वा तास काही झालं नाही. पेनांचा आवाज, आणि करीमच्या पायाशी माठ. पाणी कुणी मागितलं नाही. सव्वाबाराला जिन्यावर बूट वाजले आणि भरारी पथक आत आलं. प्रमुखांचं नाव शेषेराव. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, सरळ माणूस, कॉपी पकडण्यात जिल्ह्यात नाव. त्यांनी शहाण्णव बाक बघितले, मग भिंतीकडे तोंड करून बसलेला पांढऱ्या भुवयांचा माणूस बघितला.

"हे कोण?"

"पाणी…" रेणुकादास म्हणाले.

"मी मिस्त्री," करीम उठून म्हणाला. "बीमखाली बसलो, पोरं भ्यायला नको म्हणून. आन ती माझी पोरगी."

रेणुकादासांनी डोळे मिटले. करीमने शेवटचं वाक्य गाळलं असतं तर भागलं असतं, पण तसली सवय त्याला नव्हती.

"परीक्षार्थीचे वडील? हॉलमध्ये?" शेषेरावांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "आधी बाहेर चला."

करीमने दाराकडे एक पाऊल टाकलं. मागे बाक करकरले. मी वळलो तर सगळा हॉल उभा होता.

"बसा! मी सांगतोय, खाली बसा!"

कुणी बसलं नाही. चंद्रप्पांचा मुलगा पुढच्या बाकावर होता. तो म्हणाला, "सर, मिस्त्री बसले का आमी बसतो."

शेषेरावांनी पहिल्यांदा मान वर केली. सोललेला बीम बरोबर त्यांच्या टकलावर होता. ते नकळत एक पाऊल बाजूला सरकले.

"बसवा त्यांना," ते रेणुकादासांना म्हणाले. करीम बसला. हॉल बसला.

पण नियम उरलाच होता, आणि शेषेराव नियमाला सोडणारे नव्हते. बाप हलवता येत नाही, तर मुलगी हलवा. त्यांनी सुमय्याची उत्तरपत्रिका उचलली, बैठक क्रमांक टिपला आणि तिला खाली ऑफिसात आणायला सांगितलं. जबाब तिथे होईल. सुमय्या उठली. करीम भिंतीकडेच बघत होता. त्याने स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

मी दारात होतो. तिथून गेट दिसतं. शेषेरावांच्या मागोमाग सुमय्या पथकातल्या बाईंबरोबर खालच्या ओसरीवर आली आणि गेटवरच्या चार-पाचशे लोकांनी तिला बघितलं. मग चंद्रप्पांचा आवाज आला.

"अरे, मिस्त्रीनं आपली पोरगी भायेर काढली!"

त्यानंतरचं शब्दांत ऐकू आलं नाही. गेट आत वाकलं. कुणीतरी कंपाउंडवर चढलं. बायका पोरांची नावं घेऊन हाका मारू लागल्या आणि त्या हाका वर हॉलमध्ये पोहोचल्या. दोन मुलांनी पॅड गोळा केलं. तिसरा रडायला लागला. एकाच जिन्यावरून साडेचारशे पोरं एकदम उतरली तर काय होईल, ते सांगायला तज्ज्ञ नको होता. बीम उभाच राहिला असता.

"कुणी उठू नका," मी म्हणालो. माझं कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही.

खाली सुमय्या थांबली होती. ती गेटकडे बघत होती, मग शेषेरावांकडे वळली. मी अर्धा जिना उतरलो होतो, म्हणून ऐकलं.

"सर, मला वर जाऊ द्या."

"उत्तरपत्रिका जप्त झाली. परत मिळणार नाही."

"मागितली न्हाई मी."

"मग वर जाऊन काय करणार?"

"बसते."

शेषेराव काही म्हणायच्या आत ती वळली. पायऱ्या चढली, गॅलरीच्या टोकाला गेली आणि कठड्याशी उभी राहिली, सगळ्या गेटला दिसेल अशी. हात वगैरे हलवला नाही. नुसती उभी राहिली. गेटचा आवाज हळूहळू उतरला. मग ती हॉलमध्ये आली आणि दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या बाकावर बसली. पॅड गोळा केलेल्या मुलांनी ते परत बाकावर ठेवलं.

साडेबारा वाजले होते. दीड तास बाकी. सुमय्यापुढे प्रश्नपत्रिका होती, पेन होतं, आणि लिहायला काहीही नव्हतं. दहा मिनिटं ती हाताची घडी घालून बसली. मग तिने हात वर केला.

"सर, पुरवणी."

पुरवणी मूळ उत्तरपत्रिकेला बांधतात. तिची मूळ उत्तरपत्रिका शेषेरावांच्या फायलीला बांधलेली होती. मी वीस वर्षं पर्यवेक्षण केलं आणि एकाही पोराला नियमाबाहेर टाचणी दिली नव्हती. सुमय्यामागून वर आलेले शेषेराव दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि पथकाला म्हणाले, "चला, पुढचं केंद्र आहे."

मी पुरवणी दिली. तिच्यावर सही केली, वेळ टाकली. तिने पहिल्या प्रश्नापासून पुन्हा सुरुवात केली. करीम भिंतीकडे बघत होता. त्याला काय चाललंय ते दिसत नव्हतं, पण मागच्या पेनाचा आवाज तो ऐकत असावा, कारण त्याने स्टुलाची कड सोडली.

दोन वाजता घंटा झाली. मी पंच्याण्णव उत्तरपत्रिका आणि दोऱ्याने बांधलेल्या चार पुरवण्या केबिनमध्ये नेल्या.

"हे काय?" रेणुकादासांनी विचारलं.

"सुमय्याचं. नंतर लिहिलेलं."

"याच्यासाठी मंडळाचं पाकीटच नाही."

"नाही."

रेणुकादासांनी दोन्ही रुमाल टेबलावर ठेवले आणि कोरा कागद घेतला. पुरवण्यांसोबत मंडळाला पाठवायचं पत्र लिहायला लागले: मुलीने कॉपी केलेली नाही, वडिलांना मी बसवलं, 'पाणीवाटप' हे मी खोटं लिहिलं. शेवटच्या ओळीवर पेन बराच वेळ अडलं, पण ती ओळ त्यांनी खोडली नाही. त्यांनी सही केली. मी केली. गठ्ठा बांधून लाख वितळवायला मेणबत्ती लावली, तेवढ्यात दारात चंद्रप्पा आले. त्यांच्यामागे करीम आणि सुमय्या घरी निघाले होते.

"पेपर चांगला गेला म्हनतंय पोरगं," चंद्रप्पा खुशीत म्हणाले आणि करीमकडे वळले. "मिस्त्री, परवा गणित हाय. साडेधाला या. माठ ऱ्हाऊ द्या तितंच."

करीमने त्यांच्याकडे बघितलं.

"परवा तुमी बसा."

"मी? मला काय कळतंय बीममधलं?"

"कळायचं काय हाय त्यात? बसायचंच हाय नुसतं."

"अहो, पन माझा पोरगा हाय त्या हॉलात. पथक आलं तर त्याचा पेपर…"

चंद्रप्पा तिथेच थांबले. सुमय्या प्रश्नपत्रिकेची घडी घालत होती, उघडत होती, परत घालत होती. चंद्रप्पांनी तिच्या हातांकडे बघितलं, मग टेबलावरच्या पत्राकडे.

"काय लिवलंय त्यात?"

रेणुकादासांनी पत्र त्यांच्यापुढे सरकवलं. चंद्रप्पांनी ते उभ्याउभ्या वाचलं, मग खुर्ची ओढून, बसून पुन्हा वाचलं.

"मिस्त्रीला जामीन बसा म्हनलं मी, ते न्हाई ह्यात."

"नाही," रेणुकादास म्हणाले.

"पेन द्या हिकडं," चंद्रप्पा म्हणाले, आणि मेणबत्ती विझवून लिहायला बसले.